पुराचा थर

बाबा मातीचे मास्तर होते आणि मी झाडांची. ते कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवायचे, मी दुसऱ्या एका गावातल्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. "जमिनीच्या वर तुझं राज्य, खाली माझं," असं ते म्हणायचे, आणि मुळं कुणाची यावरून जेवताना आमचं हटकून भांडण व्हायचं. मग आई मध्ये भाजीचं भांडं ठेवून म्हणायची, "मुळं माझी. आता जेवा."

ते गेले तेव्हा सत्र संपायला सहा आठवडे राहिले होते. दोन आठवड्यांनी त्यांचे विभागप्रमुख भेटायला आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी सांगितलं, की दुसऱ्या वर्षाची चार प्रात्यक्षिकं अडलीत, नवीन माणूस पुढच्या सत्रात येणार, तोवर मी उभी राहिले तर बरं होईल. मी रजेवर होतेच. घरात बाबांचा चष्मा, बाबांची छत्री, बाबांची अर्धी राहिलेली औषधाची बाटली यांच्यामध्ये बसून राहणं जड जात होतं. मी हो म्हटलं.

दारात चपला घालताना ते परत वळले. "आणखी एक. सरांच्या प्रात्यक्षिक पुस्तिकेची नवी आवृत्ती त्यांच्या स्मरणार्थ काढायचं ठरलंय. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी छापखान्यात जाईल. शेवटची मुद्रितं तुम्हीच बघा. सरांचं अक्षर तुम्हाला कळतं."

ती पुस्तिका म्हणजे बाबांचं एकुलतं एक पुस्तक. मातीचा नमुना कसा घ्यावा, चिमटीत माती चोळून वाळू किती आणि चिकणमाती किती ते कसं ओळखावं, ओलावा कसा मोजावा, असली साधी प्रकरणं. सातवं प्रकरण मात्र वेगळं होतं. त्याचं नाव 'पुराचा थर'. बाबांना कुणी पुस्तिकेबद्दल विचारलं, की ते सातवंच उघडायचे.

त्यात होतं ते असं. महाविद्यालयाच्या शेताच्या कडेला, भिंतीला लागून एक नळ आहे. दरवर्षी बाबा मुलांकडून त्या नळापासून दहा पावलांवर छातीएवढा खोल खड्डा खणून घेत. दहाच पावलं, कारण माती भिजवून बघायला पाणी लागतं आणि नळाची रबरी नळी तिथपर्यंतच पोचते. खड्ड्याची एक भिंत खुरप्याने नीट तासली की मातीचे थर कापलेल्या केकसारखे उघडे पडतात. पुढच्या वर्षी जुना खड्डा उकरायचा नाही, एक पाऊल सरकून कोरी जमीन घ्यायची. असे तीस वर्षांत तीस खड्डे झाले. पश्चिमेला भिंतीजवळून सुरुवात करून नळाभोवती फिरत फिरत ते पूर्वेला त्याच भिंतीपर्यंत पोचले. प्रत्येक खड्ड्यात काळ्या मातीच्या वर एक भुरकट, भुसभुशीत थर सापडायचा. खालच्या मातीशी त्याचं काही नातं दिसत नव्हतं. पहिल्या खड्ड्यात तो पाच सेंटीमीटर होता. मग सहा, सात, नऊ, असा वाढत वाढत तिसाव्या खड्ड्यात अठरा. यावरून बाबांनी अनुमान काढलं होतं, की महाविद्यालय होण्याच्या आधी कधीतरी इथे पूर येऊन गेला. तो पूर्वेकडून आला, म्हणून पूर्वेला गाळ जास्त आणि पश्चिमेला कमी. प्रकरणात त्यांनी स्वतः काढलेलं चित्र होतं. अर्धवर्तुळात तीस ठिपके, प्रत्येकाखाली आकडा, आणि पूर्वेकडून येणारा एक जाड बाण.

हे चित्र काढायला त्यांना तीस वर्षं लागली होती. घरी पाहुणे आले की पुराची गोष्ट निघायचीच. आई म्हणायची, "दर खेपेला पाणी बोटभर चढतं यांचं. एक दिवस आपलं घर वाहून जाणार."

पहिल्या प्रात्यक्षिकाला मी बाबांचा पांढरा कोट न घालता गेले. प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी तो खुंटीवर धुऊन ठेवला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि फावडी उचलली.

एकतिसाव्या खड्ड्याला पूर्वेकडे जेमतेम जागा उरली होती. तेवीस मुलं-मुली गोळा होऊन उभी होती. मी गेलेल्या माणसाची मुलगी होते आणि त्यांनी माझ्याशी कसं बोलावं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"आधी कोण उतरतंय?" मी विचारलं.

"शिडीला उतरवा मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं. "वर काढायला दोर लागणार नाही."

शिडी म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. तो मुकाट्याने उतरला आणि तरी त्याचं डोकं आणि खांदे बाहेरच राहिले. मुलं हसली, मीही हसले, आणि मग काम सुरू झालं. भुरकट थर सापडला. पट्टी लावली. अठरा.

"म्हणजे पूर झाला," शिडी खड्ड्यातून म्हणाला. "घ्या लिहून."

"कधी झाला?" हे विचारणारी मुलगी काठावर उकिडवी बसली होती. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, वही गुडघ्यावर.

"महाविद्यालयाच्या आधी," मी म्हटलं. "सातव्या प्रकरणात आहे."

"आधी म्हणजे किती आधी, मॅडम?"

"मॅडम, ही आमची वकील," शिडी म्हणाला. "हिला उलटतपासणी घेऊ द्या, नाहीतर ती आपल्याला घरी जाऊ देणार नाही. सर तर हिला बघूनच खिशातून गोळी काढायचे."

"खोकल्याची गोळी," वकीलने शांतपणे दुरुस्त केलं. "बोलून बोलून घसा बसायचा त्यांचा. माझ्यामुळे नाही."

त्या दिवशी मी त्या प्रात्यक्षिकात माझी एक गोष्ट घुसडली. जमिनीच्या वरच्या राज्यातली म्हणा. प्रत्येक थरातून थोडी थोडी माती घेऊन वेगवेगळ्या ट्रेमध्ये पसरायला लावली आणि रोज पाणी शिंपडायला सांगितलं. जमिनीत बी निजून राहतं. हवा, उजेड, ओल मिळाली की उठतं. कुठल्या थरात काय निजलंय ते बघू. बाबांच्या पुस्तिकेत हा प्रयोग नव्हता. मुळांवरच्या भांडणात मी एक डाव टाकतेय असं मला उगाचच वाटून गेलं, आणि समोर भांडायला कुणी नाही हेही लगेच लक्षात आलं.

तिसऱ्या आठवड्यात ट्रे तयार झाले. खालच्या काळ्या मातीच्या ट्रेमध्ये गवताची दोन पाती. त्याखालच्या थरात काहीच नाही. भुरकट थराच्या ट्रेमध्ये मात्र झुंबड उडाली होती.

कोवळं रोप त्याच्या पहिल्या पानांवरून ओळखायचं असतं. मी एकेक दाखवत गेले. ही मोहरी. हे जवस. हा टोमॅटो. हे गाजर. हा कांदा, बघा, सुईच्या नेढ्यासारखा दुमडून वर येतो. त्या शेतात चाळीस वर्षं गहू आणि वाटाण्याशिवाय काही पेरलेलं नव्हतं.

"हे आमच्याकडचं तण आहे!" मागच्या रांगेतली एक मुलगी ओरडली. "आमच्या शेतात उपटून उपटून हात सोलवटतात. हे इथं कुठून उपटलं?"

"तुझ्या मागोमाग आलं असेल," शिडी म्हणाला. "तुझ्यावर जीव जडला त्याचा."

सगळे हसले. वकील हसली नाही. तिने कांद्याच्या रोपाकडे बोट केलं. "मॅडम, कांद्याचं बी जमिनीत किती वर्षं टिकतं?"

"दोन. फार तर तीन-चार." उत्तर माझ्या तोंडून निघालं आणि मग मला ते ऐकू आलं.

"आणि पूर महाविद्यालयाच्या आधीचा."

"वरून पडलं असेल," मी म्हटलं. "खड्डा खणताना वरची माती खाली ढासळते."

"हो, ढासळते," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहू लागली. तिचं समाधान झालेलं नव्हतं. माझंही नाही. पण तास संपला होता आणि मी ती घंटा फार दिवसांनी आनंदाने ऐकली.

दोन दिवसांनी ती बाबांच्या खोलीत आली. बुटांना माती, हातात वही, मागे मामा. मामांच्या चेहऱ्यावर शाळेत पकडून आणलेल्या मुलासारखे भाव होते.

"मी यांना फावडं दिलं," मामा आधीच म्हणाले. "मागितलं म्हणून दिलं. काय करणार ते मला माहीत नव्हतं."

"मी पश्चिमेला खणलं," वकील म्हणाली. "सरांच्या पहिल्या खड्ड्याला लागून, भिंतीच्या बाजूला, जिथे कधी खणलेलं नाही. पुस्तकाप्रमाणे तिथे थर पाच सेंटीमीटर असायला हवा."

तिने वही उघडून माझ्यापुढे धरली.

"अठरा आहे, मॅडम. मी तीनदा मोजलं. मामांनीही मोजलं."

मामांनी मान खाली घातली.

मला समजायला तिला पुढे बोलावं लागलं नाही, तरी ती बोलली. पश्चिमेला आता अठरा, पूर्वेलाही अठरा. म्हणजे थर पूर्वेला जाड आणि पश्चिमेला पातळ असा नाहीच. नळापासून तेवढ्याच अंतरावर सगळीकडे सारखाच आहे आणि दरवर्षी वाढतोय. पहिल्या वर्षी सगळीकडेच पाच असणार. सर दरवर्षी एक पाऊल पुढे सरकले आणि तेवढ्यात एक वर्षही पुढे सरकलं. त्यांना वाटलं जागेमुळे थर वाढतोय. तो काळामुळे वाढत होता. नळापासून लांब जाऊनही तिने बघितलं होतं. बारा पावलांवर थर नऊ सेंटीमीटर, वीस पावलांवर काहीच नाही. आणि नळाच्या अगदी जवळ सत्तावीस.

"आपण सगळे रोज तिथे बूट धुतो," ती म्हणाली. "फावडी धुतो, कुदळी धुतो. सोमवारी तर सगळे आपापल्या घरच्या शेतातून येतात. चाळीस वर्षं असंच चाललंय. मॅडम, तो पूर नाही. ते आपले बूट आहेत."

खिडकीखाली कुणीतरी नळ सोडला. आम्ही तिघांनीही तिकडे पाहिलं नाही.

मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत आहे. असं काही सुचलेल्या विद्यार्थ्याला काय म्हणावं हे मी चौदा वर्षं शिकवून शिकले आहे. मी म्हटलं, "शनिवारी पुस्तक छापायला जातंय."

"म्हणूनच लगेच आले."

"ते त्यांच्या स्मरणार्थ आहे." माझा आवाज मला कोरडा वाटला. "हे आता राहू दे. पुढच्या वर्षी नवीन सर येतील, त्यांना दाखव. ते नीट तपासतील."

तिने चष्मा वर सरकवला. मला वाटलं ती वाद घालेल. मला तेव्हा तेच हवं होतं, असं आता वाटतं. ती नुसती "बरं, मॅडम" म्हणाली आणि वही मिटून गेली.

मामा थांबले. फावड्याच्या दांड्यावर हात फिरवत म्हणाले, "सरांना माहीत असेल ताई. एवढा मोठा माणूस. मुद्दाम ठेवलं असेल तसं, मुलं शोधून काढतात का बघायला."

ते माझ्यासाठीच बोलत होते आणि क्षणभर मी त्याला धरून लोंबकळले. पण बाबांच्या खोट्या कौतुकाने बाबा मला परत मिळणार नव्हते.

"नाही मामा," मी म्हटलं. "त्यांना माहीत नव्हतं."

त्या संध्याकाळी मी मुद्रितं तपासली. सातव्या प्रकरणात दोन वेलांट्या चुकल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या. बाण नीट छापला गेलाय का ते पाहिलं. आईने विचारलं, "झालं सगळं?" मी म्हटलं, "जवळजवळ."

शुक्रवारी मुलांनी जर्नलं जमा केली. तेवीस जर्नलांचा गठ्ठा घेऊन मी घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर बसून लाल पेनाने तपासू लागले. आई समोर शेंगा सोलत होती. आई पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. दुसऱ्याच्या हातात लाल पेन दिसलं की तिला राहवत नाही.

सगळ्यांनी सारखंच लिहिलं होतं. 'वरचा थर अठरा सेंटीमीटर. जुन्या पुरात साचलेला गाळ. पुराची दिशा पूर्वेकडून.' शिडीच्या जर्नलमधला बाण बाबांच्या बाणापेक्षा जाड होता. अकरावं की बारावं जर्नल वकीलचं निघालं. सुबक अक्षर, पट्टीने आखलेल्या रेघा.

'वरचा थर अठरा सेंटीमीटर. जुन्या पुरात साचलेला गाळ. पुराची दिशा पूर्वेकडून.'

मी ते दोनदा वाचलं. खाली एक शब्द जास्त नव्हता, एक प्रश्नचिन्ह नव्हतं. स्वतः फावडं मागून घेऊन, स्वतः खणून, तीनदा मोजून जे पाहिलं, ते तिने लिहिलं नव्हतं. कारण मी तिला सांगितलं होतं. मी बाबांना वाचवायला गेले होते, आणि बाबांनी तीस वर्षं ज्या मुलांना 'डोळ्याला दिसतं ते लिही, मला आवडेल ते लिहू नकोस' म्हणून दटावलं, त्यातल्या सगळ्यात हुशार मुलीला मी एका आठवड्यात मला आवडेल ते लिहायला शिकवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज दुःखापेक्षा वेगळ्या ठिकाणी बोचत होती.

पान उलटताना एक चिटोरं खाली पडलं. आईने उचललं. ती वाचणार नाही असं होणंच शक्य नव्हतं.

"हे काय?" ती म्हणाली. "माणशी एक मूठ, दीडशे ग्रॅम. साठ माणसं. वर्षाचे दोनशे दिवस. चाळीस वर्षं. बहात्तर टन. हे कसलं वजन काढलंय?"

"मातीचं."

"कुठल्या मातीचं?"

आईने शेंगांची परडी बाजूला सारली, माझ्या हातातलं लाल पेन काढून घेतलं आणि चिटोऱ्यावर वाकली.

"घनमीटरला एक पूर्णांक तीन टन. पसरलेली जागा एकशेसत्तावन्न चौरस मीटर. जाडी पस्तीस सेंटीमीटर. चुकलंय गं. परीक्षा, सुट्ट्या, कोरडे महिने? रोज कोण चिखल घेऊन येतं? फार तर शंभर दिवस धर." तिने खोडून लिहिलं. ओठ हलत होते. "छत्तीस टन. म्हणजे जाडी साडेसतरा, अठरा." पेन थांबलं. "अठरा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. अठराचा आकडा तिने जेवताखाता इतक्यांदा ऐकला होता की तिला पुस्तक उघडायची गरज नव्हती.

मग मी सगळं सांगितलं. कांद्याचं रोप, पश्चिमेचा खड्डा, बूट, सगळं. वकीलला मी काय म्हटलं तेही. मधे ती एकदाच बोलली: "भिंतीजवळचा नळ?" म्हणजे तोच नळ का, असं तिला विचारायचं होतं. मी मान हलवली.

मला वाटलं आता ती उठून आत जाईल. पण तिचे खांदे हलायला लागले आणि मला कळेना की हे रडणं आहे की काय. ती हसत होती. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तीस वर्षं," ती कशीबशी म्हणाली, "पाहुण्यांना बसवून बसवून... पाय धुतलेलं पाणी! आणि मी तिसऱ्यांदा चहा करतेय त्यांच्यासाठी!" तिने पदराने डोळे पुसले. "माती खाल्ली म्हण की तुझ्या बाबांनी."

"आई!"

"मग काय म्हणू? खाल्ली ती खाल्ली. तो माणूस असता ना, तर आधी दोन दिवस तोंड फुगवून बसला असता. जेवला नसता. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून त्या मुलीच्या घरी गेला असता, फावडं घेऊन." हसणं थांबलं होतं. डोळे अजून पुसत होती. "मला त्या दोन दिवसांचाही राग आला असता. आता तेवढंही नाही."

तिने शेंगांची परडी पुढे ओढली. "काय करणार आहेस?"

"पुस्तक उद्या जातंय."

"तू गणिताच्या बाईची मुलगी आहेस," आई म्हणाली. "चुकलेल्या उत्तरावर मी बरोबरची खूण करत नाही. कुणाचंही असू दे. पण आकडे त्यांचे आहेत ते खोडायचे नाहीत. आकडे बरोबर आहेत त्यांचे."

सकाळी मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. त्यांनी ऐकून घेतलं, दोन्ही हात टेबलावर पसरले आणि म्हणाले, "मॅडम, श्रद्धांजलीच्या पुस्तकात चूक दाखवायची? लोक काय म्हणतील? ते प्रकरणच गाळू या. कुणाला कळणारसुद्धा नाही."

सभ्य तोडगा होता. आदल्या आठवड्यात मी तो आनंदाने घेतला असता.

"प्रकरण गाळलं तर बाबांची तीस वर्षांची मोजणी जाईल," मी म्हटलं. "ती खरी आहे. दरवर्षी, एकही वर्ष न चुकता, त्यांनी जो आकडा दिसला तो लिहिला. ते आकडे नसते तर थर वाढतोय हे त्या मुलीला कधीच कळलं नसतं. प्रकरण आहे तसं ठेवा, चित्रासकट, बाणासकट. त्याच्यापुढे दोन पानं तिची."

"विद्यार्थिनीची? सरांच्या पुस्तकात?"

"विद्यार्थ्यांसाठीच तर आहे ते पुस्तक."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग छापखान्याला फोन लावला आणि सोमवारपर्यंत मुदत मागितली. फोन ठेवताना म्हणाले, "तुम्ही सरांसारख्याच आहात. हे कौतुक समजू नका."

वकील प्रयोगशाळेत ट्रे धूत होती. मी तिचं जर्नल तिच्यापुढे ठेवलं. त्यावर सही नव्हती.

"हे मी घेणार नाही," मी म्हटलं. "हे तू पाहिलेलं नाहीस."

ती हात पुसत राहिली. "तुम्हीच म्हणालात मॅडम."

"हो. मी चुकीचं सांगितलं. तू ऐकायला नको होतंस, पण सांगायला तर मीच नको होतं."

विद्यार्थ्यासमोर असं बोलणं जमेल असं मला वाटलं नव्हतं. बोलले आणि छत काही कोसळलं नाही. मी तिला सोमवारबद्दल सांगितलं. दोन पानं, तिच्या नावाने. आई गणित तपासेल हेही सांगितलं, आणि सुट्ट्या वजा करायच्या राहिल्याचंही. त्यावर ती लगेच म्हणाली, "मुठीत दीडशे ग्रॅम हे तरी मी अंदाजानेच धरलंय. शिडीची मूठ धरली तर परत पस्तीस येईल."

"मग तसं लिही. अंदाज आहे म्हणून लिही. खड्ड्यांची मापं अंदाज नाहीत, ती वेगळी लिही."

ती तिथेच बाकावर बसून लिहायला लागली. मी बाबांच्या टेबलाशी उरलेली जर्नलं घेऊन बसले. बावीस जणांना परत पाठवायचं होतं: पश्चिमेचा खड्डा बघा, मग लिहा. शिडी कुरकुर करणार हे नक्की होतं.

अर्ध्या तासाने तिने मान वर केली. "मॅडम, 'सरांचं अनुमान चुकीचं होतं' असं लिहू?"

"तुला काय दिसलं ते लिही," मी शेवटी म्हटलं.

ती पेनाचं टोपण चावत विचार करत बसली. मग तिने लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. 'सरांनी मोजलेली सर्व मापे बरोबर आहेत. मात्र पहिला खड्डा आणि तिसावा खड्डा यांच्यामध्ये एकोणतीस पावलांचे अंतर आहे तसेच एकोणतीस वर्षांचेही आहे, आणि हे दुसरे अंतर चित्रात दाखवलेले नाही.'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्यात खोडावं असं काही नव्हतं. मापांच्या तक्त्यात मात्र तिने आकड्यांपुढे एकक लिहिलं नव्हतं. पाच, नऊ, अठरा, सत्तावीस. सेंटीमीटर की पावलं, काही कळायला मार्ग नव्हता. मी लाल पेन उघडलं आणि समासात अर्धा गुण कापला.

"मॅडम!" ती म्हणाली. "हे तर पुस्तकात जाणार आहे!"

"म्हणूनच," मी म्हटलं. "एकक लिही. मग सही करते."